पदवीधर, कर्जदार आणि बेकार : भीमराव आंबेडकरांची काही वर्षे

डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे नाव उच्चारले की महाडचे तळे, गोलमेज परिषद, भारताची राज्यघटना आणि नागपूरचा धर्मांतराचा सोहळा या गोष्टी आपल्या डोळ्यांपुढे येतात. त्या सर्वांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. या लेखात त्यांच्या आयुष्यातील निराळाच भाग सांगावयाचा आहे. परदेशातील मोठ्या विद्यापीठांत शिकून आलेला सव्वीस वर्षांचा एक तरुण हाताला काम नाही, डोक्यावर कर्ज आहे आणि घरी खाणारी माणसे आहेत अशा स्थितीत मुंबईच्या परळ भागात फिरत होता, तो हा काळ. आपल्या मंडळ्यांतील किती तरी घरांत आज असाच एखादा मुलगा किंवा मुलगी आहे. बँकेचे कर्ज काढून पदवी मिळविलेली असते आणि अर्जांना उत्तरे येत नाहीत. उपासनेनंतर कोणी तरी सहज चौकशी करतो, म्हणून ती मुले हळूहळू उपासनेलाच येईनाशी होतात. शब्बाथ शाळेच्या मोठ्या वर्गांत शिकविणाऱ्यांना हे चांगले ठाऊक आहे.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी इंदूरजवळील महू येथील लष्करी छावणीत झाला. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे. वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते व लष्करी शाळेत शिक्षक म्हणून त्यांनी काम केले होते. ते कबीरपंथी होते. मुलगा शिकावा याचा त्यांना मोठा ध्यास. पेन्शन तुटपुंजे असल्यामुळे भीमरावांना एखादे पुस्तक हवे झाले की रामजीबाबा आपल्या विवाहित मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून आणून गहाण टाकीत आणि पेन्शन आले की सोडवून परत करीत. म्हणजे या घरात विद्या आणि कर्ज यांची सोबत पहिल्यापासूनच होती. कर्ज घ्यावयाचे ते विद्येसाठी आणि घेतलेले फेडावयाचे, हा धडा मुलाला घरातच मिळाला.

मॅट्रिक झाल्यावर शिक्षक व लेखक कृष्णराव अर्जुन केळूसकर यांनी भीमरावांची गाठ बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याशी घालून दिली. महाराजांनी दरमहा २५ रुपये शिष्यवृत्ती दिली आणि तिच्या आधारे भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले. जानेवारी १९१३ मध्ये ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. पण थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली, आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजीबाबा निवर्तले.

त्याच वर्षी महाराजांनी काही विद्यार्थी अमेरिकेस पाठविण्याचे ठरविले. भीमरावांची निवड झाली. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. त्याबद्दल त्यांनी जून १९१३ मध्ये करार लिहून दिला : शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करावयाची. पुढील सर्व कथा या करारावर उभी आहे, म्हणून तो नीट ध्यानात घ्यावा. पैसे घेतले होते ते नोकरीच्या रूपाने फेडावयाचे होते. नोकरी झाली तर कर्ज नाही. नोकरी झाली नाही तर सारी रक्कम अंगावर.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी सेलिग्मन, ड्यूई यांसारख्या प्राध्यापकांच्या हाताखाली अभ्यास केला. १९१५ साली एम. ए. झाले, १९१६ साली डॉक्टरेटसाठीचा प्रबंध मान्य झाला. मात्र त्या विद्यापीठाचा नियम असा की प्रबंध छापून त्याच्या प्रती सादर केल्याखेरीज पदवी द्यावयाची नाही. छपाईला पैसे हवेत, ते नव्हते. म्हणून ती पीएच. डी. कागदावर येण्यास १९२७ साल उजाडावे लागले. विद्वत्ता सिद्ध होऊनही छापखान्याच्या बिलासाठी पदवी अडून राहते, हे गरीब विद्यार्थ्यालाच कळेल.

१९१६ साली ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राचा आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास सुरू केला. इतक्यात शिष्यवृत्तीची मुदत संपली व परत येणे भाग पडले. निघताना त्यांनी एक गोष्ट मात्र केली. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या शिफारशीने लंडन विद्यापीठाकडून अशी परवानगी मिळविली की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करता येईल. खिशात पैसा नाही, पुन्हा येणे कसे जमेल याचा पत्ता नाही, तरी परवानगी तेवढी घेऊन ठेवली. पुढच्या तीन वर्षांत त्यांच्यावर जे जे ओढवले त्या सर्वांत त्यांची आशा या एका मुदतीला बांधलेली होती. आशा म्हणजे मनाची एक गोड अवस्था असे आपण समजतो. त्यांच्या बाबतीत ती तारीख घातलेली गोष्ट होती.

२१ ऑगस्ट १९१७ रोजी भीमराव मुंबईस पोहोचले. पहिले महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान व पुस्तके निराळ्या बोटीने येत होती, ती बोट जर्मन पाणबुडीने बुडविली. बोट बुडाल्याची बातमी ऐकून घरच्यांच्या तोंडचे पाणी पळाले होते. भीमराव दुसऱ्या बोटीवर आहेत हे कळले तेव्हा जिवात जीव आला. पुस्तके गेली ती गेलीच. त्यांच्या भरपाईदाखल थॉमस कुक कंपनीकडून ६०० रुपये मिळाले. त्यातूनच घरखर्चाला काही दिले आणि बडोद्याच्या प्रवासाचा खर्च भागविला. करार पाळण्यासाठी निघालेल्या या पदवीधराजवळ गाडीभाड्याचे पैसे आले ते बुडालेल्या पुस्तकांचे!

बडोद्यास महालेखापालांच्या कचेरीत त्यांना उमेदवार म्हणून घेण्यात आले. महाराजांचा विचार त्यांना पुढे मोठ्या हुद्द्यावर नेण्याचा होता. तथापि महाराज एक आणि कचेरी निराळी. शिपाई कागदपत्रे हातात न देता दुरून टेबलावर टाकीत. प्यायचे पाणी मिळेना. त्याहून मोठा प्रश्न राहण्याचा. शहरात हिंदूंच्या खाणावळी होत्या, पण अस्पृश्याला तेथे जागा नव्हती. खोटी जात सांगून राहणे मनाला पटेना, आणि उघडकीस आले तर काय होईल याची भीतीही होती. अखेर एका पारशी सरायीत गेले. सराय फक्त पारशांसाठी. रखवालदाराला मात्र बरेच दिवस गिऱ्हाईक नव्हते. त्याने दिवसाला दीड रुपया घेऊन, वहीत पारशी नाव लिहिण्याच्या अटीवर, त्यांना ठेवून घेतले. वरच्या मजल्यावर ते एकटेच. दिव्याचा मिणमिणता उजेड, वटवाघळांची फडफड, भोवती अडगळ. दिवसभर कचेरीत काढावयाचे आणि रात्री कंदिलाशी पुस्तक घेऊन बसावयाचे. राहण्यासाठी सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला होता. तो अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला.

अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीस निघण्याच्या तयारीत असताना दहाबारा पारशी हातांत काठ्या घेऊन वर आले. सराय बाटविल्याबद्दल त्यांनी जाब विचारला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे बजावले. भीमरावांनी आठ दिवसांची मुदत मागितली. ती मिळाली नाही.

आता पुढचा भाग. आपल्यासारख्यांच्या मासिकांत तो क्वचित सांगितला जातो, म्हणून येथे मुद्दाम सांगतो. बडोद्यात भीमरावांचे दोन मित्र होते, एक हिंदू व एक ख्रिस्ती. ते प्रथम हिंदू मित्राकडे गेले. तो मनाने चांगला, त्याला वाईटही वाटले. पण तुम्हाला ठेवून घेतले तर माझे नोकर निघून जातील असे त्याने कळविले. मग ते ख्रिस्ती मित्राकडे गेले. हे गृहस्थ मूळचे ब्राह्मण कुळातले, ख्रिस्ती झालेले. त्यांनी सांगितले की पत्नी बाहेरगावी आहे, ती उद्या येईल, तिला विचारून सांगतो. हे उत्तर टाळण्यासाठी दिलेले होते असे भीमरावांस पुढे कळले. पती विचाराने उदार झाला होता. पत्नीने मात्र धर्म बदलूनही जुने सोवळे सोडले नव्हते आणि अस्पृश्याला घरात ठेवण्यास ती कबूल झाली नसती. डॉ. आंबेडकरांनी ही हकीकत आपल्या आठवणींत कोणाचे नाव न घेता आणि फारसा राग न धरता लिहून ठेवली आहे. त्या आठवणींचे पुस्तक त्यांच्या निधनानंतर पुष्कळ वर्षांनी, १९९० साली प्रसिद्ध झाले. एका रात्रीच्या आसऱ्याचा प्रश्न होता. ज्या दारावर ते शेवटी गेले ते एका ख्रिस्ती घराचे होते. मंडळीच्या इतिहासात या दाराची नोंद कोठे नसेल, पण एका कर्जबाजारी, बेघर पदवीधराच्या आठवणीत ती झाली. पुढील आयुष्यात त्यांनी भारतातील ख्रिस्ती समाजात जातिभेद कसा टिकून राहिला याविषयी कठोर लिखाण केले. ते वाचताना हे बडोद्याचे दार विसरता येत नाही.

मुंबईची गाडी रात्री नऊ वाजता होती. चार वाजले होते. मधला बहुतेक वेळ भीमरावांनी शहरालगतच्या कामाठी बागेत बसून काढले. ही बाग आज सयाजी बाग म्हणून ओळखली जाते. आपल्या वाचकांपैकी बडोदेकर तेथे किती वेळा फिरावयास गेले असतील! मन सुन्न झालेले, मधूनमधून दुःखाचा कढ येई. आईवडिलांची आठवण झाली, जशी ती एकाकी पडलेल्या लेकराला होते तशी. आठ वाजता ते बाहेर पडले, गाडी करून सरायीत गेले, सामान खाली आणले. रखवालदार समोर आला. दोघेही बोलू शकले नाहीत. भीमरावांनी त्याचे बिल चुकते केले. त्याने ते मुकाट्याने घेतले आणि यांनी मुकाट्याने निरोप घेतला. ज्या जागेतून काठ्या दाखवून बाहेर काढले त्या जागेचा हिशोब त्यांनी पै न पै पुरा केला, ही गोष्ट मला त्यांच्या पदव्यांइतकीच मोलाची वाटते.

आणि येथेच करार तुटला. दोष भीमरावांचा नव्हता, तरी दहा वर्षांची नोकरी झाली नाही हे खरे. शिष्यवृत्ती आता कर्ज झाली. केळूसकरांनी मध्यस्थी करून पाहिली, पण बडोद्यात राहण्याची सोय काही झाली नाही.

मुंबईत परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत त्यांचे कुटुंब राहत होते. पत्नी रमाबाई, मुलगा यशवंत, नातेवाईक. रमाबाईंच्या पदरी या काळात दारिद्र्य आले आणि पोटची लेकरे गमावण्याचे दुःखही आले. त्यांच्या मुलांपैकी एकटा यशवंत जगला. नवरा विलायतेहून शिकून आला म्हणजे सुखाचे दिवस येतील अशी शेजारीपाजारी सर्वांची अपेक्षा असणार. दिवस मात्र पूर्वीसारखेच राहिले. फरक एवढाच की आता घरात एक साहेबी पोशाखाचा बेकार माणूस होता.

१९१७ च्या अखेरीपासून १९१८ च्या नोव्हेंबरपर्यंतचे हे वर्ष भीमरावांनी कसे काढले ते पाहण्यासारखे आहे. कोलंबियातील त्यांचे पारशी मित्र नवल भथेना यांनी त्यांना दोन विद्यार्थ्यांच्या शिकवण्या मिळवून दिल्या. (बडोद्याचे काठीवाले पारशी आणि मुंबईचा हा जिवलग मित्रही पारशीच, माणसांचे माप समाजावरून काढू नये ते यासाठी.) शेअर बाजारातील व्यापाऱ्यांना सल्ला देण्याची एक कंपनी त्यांनी काढली. अर्थशास्त्राचे ज्ञान होतेच, त्यामुळे गिऱ्हाइके येऊ लागली. मग हा सल्लागार अस्पृश्य आहे ही बातमी बाजारात पसरली आणि गिऱ्हाइके बंद झाली. कंपनी मिटवावी लागली. बाजाराला सल्ला चांगला की वाईट याच्याशी देणेघेणे नव्हते.

एवढ्यावर एखाद्याने हाय खाल्ली असती. भीमरावांनी त्याच वर्षी, १९१८ साली, भारतातील शेतीच्या लहान लहान तुकड्यांचा प्रश्न व त्यावरचे उपाय या विषयावर एक विस्तृत निबंध लिहून अर्थशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. बर्ट्रांड रसेल यांच्या ग्रंथाचे परीक्षणही त्याच नियतकालिकात छापून आणले. या लेखनाने चूल पेटली नाही. पण नोकरी नाही म्हणून आपण विद्वान नाही, असे त्यांनी स्वतःला वाटू दिले नाही. शेतीच्या प्रश्नावरील तो निबंध आजही अर्थशास्त्राचे अभ्यासक वाचतात. त्यात त्यांनी असे दाखविले की शेतीत गरजेपेक्षा अधिक माणसे अडकून पडली आहेत, आणि त्यांना काम द्यावयाचे तर उद्योगधंदे वाढले पाहिजेत. स्वतः रिकामा बसलेला माणूस देशातील रिकाम्या हातांचा विचार करीत होता. आपल्या बेकारीचे रडगाणे न गाता त्याने बेकारीचाच अभ्यास केला असे म्हटले तरी चालेल.

नोकरीसाठी खटपट चालूच होती. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची तात्पुरती जागा निघाली. मुंबईचे माजी गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांच्याशी लंडनमध्ये झालेली ओळख येथे कामी आली. कोणी म्हणेल, म्हणजे वशिलाच! मला तसे वाटत नाही. योग्यता असलेल्या माणसाचे नाव योग्य ठिकाणी कोणी तरी उच्चारावे लागते. ज्यांच्या आप्तांत साहेब आणि प्राध्यापक आहेत त्यांच्यासाठी ते घरबसल्या उच्चारले जाते, आणि मग त्याला वशिला म्हणत नाहीत. नोव्हेंबर १९१८ मध्ये भीमराव ४५० रुपये पगारावर रुजू झाले. सुरुवातीस विद्यार्थ्यांनी त्यांना फारसे मोजले नाही. पुढे त्यांची व्याख्याने ऐकण्यास दुसऱ्या कॉलेजांतील विद्यार्थी येऊ लागले. प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला यांनी हात लावू नये असे मात्र काही सहकाऱ्यांचे म्हणणे होतेच.

साडेचारशे रुपये हा त्या दिवसांत मोठा पगार होता. चाळ सोडून बंगल्यात जाता आले असते. भीमराव चाळीतच राहिले. रमाबाईंच्या हाती घरखर्चाची ठरावीक रक्कम देत आणि उरलेले पैसे बाजूला टाकीत. लंडनची चार वर्षांची मुदत डोळ्यांपुढे होती. याच काळात त्यांनी १९१९ च्या आरंभी साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकारासाठी साक्ष दिली आणि ३१ जानेवारी १९२० रोजी कोल्हापूरचे शाहू महाराज यांच्या साहाय्याने ‘मूकनायक’ पाक्षिक सुरू केले. मार्च १९२० मध्ये कॉलेजची नोकरी सोडली. जुलैमध्ये लंडनला निघाले ते आपली शिल्लक, शाहू महाराजांनी केलेली काही मदत आणि नवल भथेनांकडून कर्जाऊ घेतलेले ५००० रुपये यांच्या बळावर.

डोक्यावर बडोद्याचे कर्ज असताना आणखी कर्ज काढून शिकावयास जाणे शहाणपणाचे होते काय? हिशोबी माणूस नाही म्हणेल. आजच्या एखाद्या पदवीधराने कर्जावर कर्ज काढावे असा सल्लाही मी या उदाहरणावरून देणार नाही. पण भीमरावांचा अभ्यास अर्धवट राहिला होता, तो पुरा झाल्याशिवाय स्वतंत्र धंदा करता येणार नव्हता, आणि स्वतंत्र धंदा असल्याशिवाय कोणाच्या कचेरीतील पाण्याच्या भांड्यापासून सुटका नव्हती. बॅरिस्टरला कोणी वरिष्ठ नसतो. त्यांनी हा विचार पुरता करूनच पाऊल उचलले होते.

लंडनमधील त्यांची राहणी तपस्व्याची होती. खाणावळीतला नाश्ता म्हणजे पावाचा तुकडा, मासळीचा लहानसा वाटा आणि एक कप पेय. दुपारच्या जेवणावर पैसे खर्च करावयाचे नाहीत. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवसभर वाचन आणि रात्री भूक लागली की ओळखीच्या गृहस्थाने दिलेले पापड भाजून दुधाबरोबर खावयाचे. त्यातच एक चमत्कारिक संकट आले. १९२० साली रुपयाचा सरकारी दर दोन शिलिंग ठरविण्यात आला होता, तो बाजारात टिकला नाही आणि १९२१ मध्ये रुपया दीड शिलिंगाच्याही खाली घसरला. मुंबईत मोजून नेलेले पैसे लंडनमध्ये कमी पडू लागले. तेव्हा त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून २०० पौंड उसने मागितले. दान म्हणून नव्हे, व्याजासह परत करण्याच्या बोलीवर. गंमत अशी की त्यांच्या प्रबंधाचा विषय होता रुपयाचा प्रश्न! ग्रंथालयात ज्या चलनाची चिकित्सा करीत, त्याच चलनाने रात्री पोटाला चिमटा बसे.

जून १९२१ मध्ये एम. एस्सी. ची पदवी मिळाली. ऑक्टोबर १९२२ मध्ये डी. एस्सी. साठी प्रबंध सादर केला. बॅरिस्टरीही पुरी झाली. मग मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी प्रबंधावर आक्षेप घेतले व तो पुन्हा लिहिण्यास सांगितले. लंडनमध्ये राहून तो लिहिण्याइतके पैसे उरले नव्हते. भीमराव एप्रिलमध्ये मुंबईस परतले, परळला बसून त्यांनी प्रबंध पुन्हा लिहिला आणि ऑगस्टमध्ये लंडनला पाठविला. नोव्हेंबर १९२३ मध्ये तो मान्य झाला. त्याचे पुस्तक झाले तेव्हा त्यांनी ते आपल्या आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केले.

एवढ्या पदव्या घेऊन आलेल्या बॅरिस्टराजवळ हायकोर्टाची सनद घेण्यापुरते पैसे नव्हते. पुन्हा नवल भथेनाच धावून आले. जुलै १९२३ मध्ये वकिली सुरू झाली, पण सॉलिसिटर मंडळी अस्पृश्य बॅरिस्टराकडे खटले देण्यास तयार नसत. येत ते गरीब पक्षकार. म्हणून जून १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकविण्याचे अर्धवेळ काम दरमहा २०० रुपयांवर धरले. ते जवळजवळ तीन वर्षे चालले. पुढे गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात १९२८ साली प्राध्यापक आणि १९३५ साली प्राचार्य. म्हणजे पदवी हातात आल्यापासून पाय रोवून उभे राहण्यास त्यांना दहा वर्षांहून अधिक काळ लागला. हा आकडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. वर्षभरात नोकरी लागली नाही म्हणून आपला मुलगा वाया गेला असे म्हणणाऱ्या आईबापांनी तर विशेषच.

या वर्षांतही बडोदे सरकारचा तगादा चालू होता. वीस हजारांच्या वरची रक्कम होती. कोणालाही चीड यावी असा हा प्रसंग. ज्यांनी राहू दिले नाही त्यांनीच नोकरी केली नाही म्हणून पैसे मागावेत! तरीही १९२५ साली प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, तो त्यांनी सयाजीराव महाराजांना अर्पण केला आणि आपल्या शिक्षणास केलेल्या साहाय्याबद्दल कृतज्ञता व्यक्त केली. कचेरीचा अन्याय कचेरीच्या नावावर आणि महाराजांचा उपकार महाराजांच्या नावावर, असे दोन निराळे हिशोब त्यांनी ठेवले. कडवटपणाने मन भरून गेलेल्या माणसाला हे जमत नाही.

रमाबाई मे १९३५ मध्ये वारल्या. १९४० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या एका मोठ्या ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेत बाबासाहेबांनी त्यांच्या नावापुढे, मित्र नसलेल्या त्या हलाखीच्या दिवसांत तिने आपल्याबरोबर जे सोसले त्याची आठवण लिहिली. त्या वर्षांचे वर्णन त्यांनी आणखी कोठे फार केले नाही. ती वर्षे खरोखर कोणी पेलली हे त्यांना ठाऊक होते.

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. या वर्षांत त्यांनी दलित विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या आणि १९४३ साली सरकारी नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी सव्वाआठ टक्क्यांहून थोड्या अधिक जागा राखून ठेवविल्या. त्यांच्याच खात्याखाली जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन व रोजगार संचालनालय स्थापन झाले आणि देशात रोजगार विनिमय केंद्रांचे जाळे उभे राहू लागले. आरंभी ती केंद्रे सैन्यातून मोकळ्या झालेल्या जवानांसाठी होती, १९४८ पासून सर्वांना खुली झाली. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी ज्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजच्या रांगेत उभे राहून कार्ड काढले ती हीच. कोणती जागा कोठे रिकामी आहे हे ज्याला कधी कोणी सांगितले नव्हते, त्याच्या खात्यातून ही सोय निघाली.

२० जून १९४६ रोजी त्यांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. तासांची वेळ सकाळची ठेवली, कारण शिकता शिकता पोटही भरावे लागणारी मुले त्यांच्या डोळ्यांपुढे होती. भल्या पहाटे उठून आलेले कारकून, कामगार आणि शिकवण्या करणारे तरुण तेथे व्याख्याने ऐकत आणि तास संपला की वह्या काखेत मारून आपापल्या कामावर जाण्यासाठी लोकलगाडी गाठीत.